श्रवण आणि संतुलनावरचं संशोधन परिषदेत मांडताना: पीएच.डी. विद्यार्थी आणि त्यांच्या गाइडसाठी

मराठवाड्यात राहून कान आणि तोल या विषयांवर पीएच.डी. करणारे विद्यार्थी मोजके आहेत. कुणी ऑडिओलॉजीचं (श्रवणशास्त्र), कुणी ईएनटीचं (कान-नाक-घसा), कुणी फिजिओथेरपीचं, कुणी विशेष शिक्षणाचं. त्यांच्यासोबत काम करताना एक चूक मला सतत दिसते. काम दोन वर्षांचं असतं आणि मांडणी दोन रात्रींत उरकलेली असते. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. ‘प्रबंध पूर्ण होऊ द्या, मग मांडू’ म्हणत काहीच न मांडणं.

यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी परिषदांमध्ये दोन पेपर मांडायची अट होती. २०२२ च्या नियमांतून ती गेली. (तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते विभागात विचारून घ्या.) अट गेली म्हणून बरेच जण मांडायचंच थांबले. मग मोजमापातली जी चूक पहिल्या वर्षी एखाद्या अनोळखी तज्ज्ञाने दोन मिनिटांत दाखवली असती, ती थेट व्हायव्हात समोर येते. तोवर डेटा गोळा करून झालेला असतो आणि दुरुस्तीला वाव उरत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की काम अर्धं असताना मांडा आणि खालच्या क्रमाने मांडा. हा क्रम मोडला की पुढचं सगळं बिघडतं.

१. पॉवरपॉइंट उघडण्याआधी एक वाक्य लिहा

कोणाला तपासलं, काय मोजलं, काय सापडलं, हे तिन्ही एका वाक्यात आलं पाहिजे. ‘जिनिंग कामगारांच्या श्रवणक्षमतेचा अभ्यास’ हे झालं शीर्षक. ‘दहा वर्षांहून जास्त काळ जिनिंगमध्ये काम केलेल्यांचं ४००० हर्ट्झवरचं ऐकणं त्याच वयाच्या शेतमजुरांपेक्षा कमी आढळलं’ हे झालं म्हणणं. परिषदेत लोक तुमचं म्हणणं ऐकायला बसलेले असतात.

निष्कर्ष अजून हाती नसतील तरी मांडण्याजोगं बरंच असतं. चक्करेच्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करताना काय अडलं, पहिल्या दहा-बारा जणांवर पद्धत कशी चालली, गावातल्या शाळेत तपासणी करताना आवाजाचा बंदोबस्त कसा केला, हे सगळं पोस्टरला चालतं. फक्त ते प्राथमिक काम आहे हे शीर्षकातच लिहा.

*थांबून तपासा:* ते वाक्य घरी कुणाला तरी मराठीत सांगून पाहा. न अडखळता सांगता आलं तर पुढे जा. अडखळलात तर अडचण इंग्रजीची नाही, विचारच अजून पक्का झालेला नाही.

२. परवानग्यांची फाइल काढा

ही पायरी बहुतेक जण विसरतात. नैतिकता समितीची मंजुरी अभ्यासाला मिळालेली असते, पण संमतीपत्रात ‘माहिती परिषदेत मांडली जाईल, व्हिडिओ दाखवला जाईल’ असं लिहिलेलं असतंच असं नाही. आपल्या क्षेत्रात हा प्रश्न जास्त अवघड आहे. इतर विषयांत रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी टाकून ओळख लपवतात, आणि आपल्याला निस्टॅग्मस (बुबुळांची आपोआप होणारी हालचाल) दाखवायचा तर डोळेच दाखवावे लागतात. त्यासाठी वेगळी लेखी संमती घ्या आणि व्हिडिओ कापून फक्त डोळ्यांपुरता ठेवा.

लहान मुलांवर काम असेल तर पालकांच्या संमतीसोबत मुलाची स्वतःची तयारीही हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी. उपचाराची चाचणी घेत असाल, समजा चक्करेसाठी व्यायामाचे दोन प्रकार ताडून पाहत असाल, तर पहिला रुग्ण घेण्याआधीच सीटीआरआयकडे (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी व्हायला हवी. मागाहून नोंदणी तिथे १ एप्रिल २०१८ पासून बंद आहे.

*सावध:* यंत्रातून निघालेल्या ऑडिओग्रामच्या (ऐकण्याच्या आलेखाच्या) कोपऱ्यात नाव, वय आणि रुग्ण क्रमांक छापलेला असतो. तो स्क्रीनशॉट तसाच स्लाइडवर लावू नका, आलेख नव्याने काढा. वंशावळीचा तक्ता दाखवताना तर फारच जपा. ‘अमुक तालुक्यातलं एक कुटुंब, मामाच्या मुलीशी लग्न, तीन मुलं जन्मतः बहिरी’ एवढं म्हटलं तरी त्या भागातला माणूस घर ओळखतो. तालुक्याचं नाव काढा. मुलांची संख्या किंवा क्रम शास्त्रीयदृष्ट्या गरजेचा नसेल तर तोही काढा.

३. आकडे पुन्हा तपासा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पोस्टर देखणं नसलं तरी लोक समजून घेतात. चुकीचा आकडा मात्र ध्यानात ठेवतात.

*कान मोजले की माणसं?* आपल्याकडची ही सगळ्यात नेहमीची चूक. ३० माणसं तपासली, दोन्ही कानांची नोंद घेतली आणि विश्लेषणात ‘नमुना ६०’ लिहिला. एकाच माणसाचे दोन कान एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यांचं वय तेच, नोकरी तीच, अनुवंशही तोच. त्यांना साठ सुट्या नोंदी मानलं की फरक नसताना फरक दिसू लागतो. एकच कान घ्या (उजवा, चांगला किंवा खराब, पण हे आधी ठरवा) किंवा दोन्ही कानांचं नातं धरणारी सांख्यिकी पद्धत वापरा. सांख्यिकीच्या माणसाकडे जाल तेव्हा ‘एका माणसाच्या दोन नोंदी आहेत’ हे पहिलं वाक्य असू द्या. तुम्ही सांगितलं नाही तर त्याला ते कळणार नाही.

*प्रतिसाद न आल्याचं काय केलं?* ऑडिओमीटरच्या कमाल पातळीवरही ऐकू आलं नाही तर कुणी ती चौकट रिकामी सोडतो, कुणी कमाल पातळीचाच आकडा भरतो. रिकामी सोडली की ज्यांना सगळ्यात कमी ऐकू येतं तेच सरासरीतून बाहेर पडतात आणि गट आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. काय केलं ते स्पष्ट लिहा आणि अशी माणसं किती होती तेही सांगा.

*फरक केवढा?* हाताने केलेली ऑडिओमेट्री ५ डेसिबलच्या टप्प्यांत होते. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तपासला तरी तेवढा फरक पडू शकतो. त्यामुळे दोन गटांत ३ डेसिबलचा फरक सांख्यिकीने ‘लक्षणीय’ ठरला तरी रुग्णाला त्याचा अर्थ काय, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तुमच्याकडे आधीच तयार हवं. संतुलनाच्या बाजूलाही तेच. डिझिनेस हँडिकॅप इन्व्हेंटरीचे (चक्करेमुळे होणारा त्रास मोजणारी प्रश्नावली) गुण ० ते १०० असतात. त्यात दोन-चार गुणांची घट झाली म्हणून ‘रुग्ण सुधारला’ असं लिहू नका.

*खोली कशी होती, यंत्र कधी तपासलं?* ध्वनिरोधक खोली नसेल तर ते लपवू नका. खोलीतला आवाज किती होता, कोणते हेडफोन वापरले, यंत्राचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, या तीन गोष्टी पद्धतीत लिहा. खोलीतल्या गडबडीचा फटका मुख्यतः ५०० हर्ट्झ आणि त्याखालच्या कमी वारंवारतांना बसतो. तिथले आकडे सगळ्यांचेच वाढलेले (म्हणजे ऐकणं कमी) दिसत असतील तर आधी खोलीवर संशय घ्या.

*‘चक्कर’ म्हणजे नेमकं काय?* मराठवाड्यातला रुग्ण चक्कर म्हणतो तेव्हा त्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चालताना तोल जाणं आणि नुसतंच डोकं हलकं वाटणं. कुणी ‘घेरी’ म्हणतं, कुणी ‘भोवळ’. इंग्रजीत लिहिताना हे सगळं एका शब्दात कोंबलं जातं आणि निदान तिथेच घसरतं. रुग्णाला कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला ते जसंच्या तसं मराठीत नोंदवा आणि मग त्याची विभागणी कशी केली ते सांगा. निदानासाठी बाराणी सोसायटीचे (तोलाच्या विकारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) निकष वापरले असतील तर तसं लिहा. बीपीपीव्ही (डोक्याची स्थिती बदलली की येणारी गरगर) म्हणत असाल तर डिक्स-हॉलपाइक किंवा दुसरी स्थितिचाचणी केली का, निस्टॅग्मस कोणत्या दिशेचा होता, हे आलंच पाहिजे. नुसत्या ‘कूस बदलली की गरगरतं’ या तक्रारीवर ते निदान उभं राहत नाही.

*चाचणीची भाषा कुणाची?* मराठी शब्दयादीवर ऐकलेले शब्द ओळखण्याची चाचणी घेतली, पण माणसाची घरची भाषा गोरमाटी (बंजारा), दखनी उर्दू, तेलुगू किंवा कन्नड असेल तर कमी गुण कानामुळे पडले की भाषेमुळे? किनवट, देगलूर, उमरगा या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी घरच्या भाषेचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा. मागाहून तो भरता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला हे परिषदेत विचारलं गेलं आणि तिला परत गावोगाव फिरावं लागलं.

४. कुठे मांडायचं ते ठरवा

लहान ठिकाणाहून सुरुवात करा. २०२२ च्या नियमांत दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणं आहेच. ती औपचारिकता समजू नका, तोच पहिला सराव. मग विभागातली बैठक, मग जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातली ईएनटीची किंवा फिजिओथेरपीची शैक्षणिक सभा. मग इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन, ज्याला सगळे ‘इशाकॉन’ म्हणतात. पहिल्यांदा जाताना पोस्टर घ्या. पोस्टरपाशी लोक एकेक करून येतात आणि बोलणं समोरासमोर होतं.

*सावध:* व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ म्हणून जाहिरात येते, विषय अभियांत्रिकीपासून योगापर्यंत सगळे असतात, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (संशोधनाचा गोषवारा) पाठवल्यावर काही तासांत ‘स्वीकृत’ असा निरोप येतो आणि लगेच शुल्क मागतात. तिथे कान कळणारा एकही माणूस समोर बसलेला नसतो. पैसे भरण्याआधी वैज्ञानिक समितीत कोण आहे ते पाहा आणि त्यातल्या दोघांचं काम वाचा.

विद्यार्थी शुल्क, लवकर नोंदणीची सवलत आणि प्रवासाची मदत यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. तिन्ही एका कागदावर लिहून भिंतीला लावा.

५. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट उलटा लिहा

साधारण अडीचशे-तीनशे शब्द मिळतात. त्यातले दीडशे ‘श्रवण हे संवादाचं महत्त्वाचं माध्यम आहे’ असल्या प्रस्तावनेत जातात आणि निष्कर्षाला दोन ओळी उरतात. म्हणून आधी निष्कर्ष लिहा, आकड्यांसकट. मग पद्धत, मग उद्देश. पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी, तीही दोनच वाक्यांत. लिहून झालं की परिषदेला हव्या त्या क्रमात लावा.

‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’ हे वाक्य लिहू नका. निवड करणारा ते वाचून पुढच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टकडे जातो.

शेवटच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी गाइडकडे पोचवा. सहलेखकांची नावं आणि क्रम तेव्हाच लेखी ठरवा. नावांवरून झालेले रुसवे वर्षानुवर्षं टिकतात.

६. पोस्टर आणि स्लाइड

आलेख आपल्या क्षेत्राच्या रिवाजाप्रमाणे काढा. ऑडिओग्राममध्ये शून्य वर असतं आणि आकडे खाली वाढत जातात. एक्सेल आपणहून उलटं काढतं, तेव्हा अक्ष फिरवून घ्या. २५०, ५००, १००० या प्रत्येक दुपटीमधलं अंतर सारखं हवं आणि ते उभ्या अक्षावरच्या २० डेसिबलच्या अंतराएवढं हवं. हवेतून दिलेल्या आवाजासाठी उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. रंग न ओळखणाऱ्यालाही कळावं म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका, खुणाही ठेवा. सरासरीच्या रेषेमागे प्रत्येक माणसाची फिकट रेषा दाखवली तर अनुभवी माणूस पोस्टरपाशी जास्त वेळ थांबतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पोस्टरसाठी बहुतेक ठिकाणी ए-झिरो आकार मागतात, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटीमीटर. उभं की आडवं हे सूचनांमध्ये वाचूनच छापा. फ्लेक्स चालतं, पण चकाकीमुळे हॉलच्या दिव्याखाली अक्षरं दिसत नाहीत. मॅट छपाई मिळाली तर घ्या. देवगिरी एक्स्प्रेसने जाणार असाल तर पोस्टर नळीत घालून हातात ठेवा, बर्थखाली टाकू नका. सोबत पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर.

आठ मिनिटं मिळाली असतील तर आठ-नऊ स्लाइड पुरे. निस्टॅग्मसचा व्हिडिओ स्लाइडच्या आतच बसवा, लिंक देऊ नका. एका परिषदेत माझ्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ चाललाच नाही, कारण तो त्याच्या लॅपटॉपवर राहिला होता आणि हॉलचा संगणक वेगळा होता. त्याने हाताने दिशा दाखवून सांगायचा प्रयत्न केला. त्याची दोन वर्षांची मेहनत लोकांपर्यंत अर्धीच पोचली. तेव्हापासून आम्ही व्हिडिओसोबत तीन स्थिरचित्रं आणि डोळ्याच्या हालचालीचा आलेखही ठेवतो.

*थांबून तपासा:* आपल्या श्रोत्यांत श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरणारे असू शकतात आणि चक्करेचा त्रास असणारेही. ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ असं म्हणू नका. पडद्याकडे तोंड करून बोलू नका. ऐकवायच्या आवाजाखाली मजकूर द्या. गोल फिरणारी, सरकणारी अ‍ॅनिमेशन्स काढून टाका, त्यांनी काहींना खरंच गरगरतं.

७. सराव मोठ्याने

मनातल्या मनात वाचणं हा सराव नाही. उभं राहून, घड्याळ लावून, किमान पाच वेळा. पहिले दोन मराठीत करा. हा सल्ला मुद्दाम देते आहे, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली हुशार मुलं केवळ इंग्रजीच्या धास्तीने मागे राहतात. मराठीत गोष्ट सुसंगत सांगता आली की मग छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत सांगा. पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दाला अडलं की पुढचं सगळं जातं. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा. ज्या दहा-पंधरा संज्ञांचा उच्चार चुकण्याची भीती वाटते त्यांची यादी करून गाइडकडून ऐकून घ्या.

एक सराव विषयाबाहेरच्या माणसापुढे करा. त्याला कुठे कळेनासं झालं ते विचारा आणि ती स्लाइड बदला.

८. प्रश्नोत्तरं

येणारे प्रश्न बहुतेक आधीच कळण्यासारखे असतात. जिनिंगच्या उदाहरणात तिघे हमखास विचारतील. कामाच्या पाळीनंतर किती तासांनी तपासलं? (आवाजाने आलेला तात्पुरता बधिरपणा उतरायला वेळ लागतो, म्हणून आवाजापासून किमान १४ तास दूर राहिल्यावर तपासणी घेणं योग्य.) वयाचा परिणाम वेगळा कसा काढला? ८००० हर्ट्झवर काय दिसलं? आवाजाने झालेल्या नुकसानीत ३००० ते ६००० च्या दरम्यान खाच पडते आणि ८००० ला ऐकणं पुन्हा सुधारलेलं दिसतं. वयाने येणाऱ्या कमतरतेत ते सुधारत नाही. ८००० मोजलंच नसेल तर तसं सांगा.

उत्तर येत नसेल तर ‘हे मी मोजलेलं नाही, पुढच्या टप्प्यात घेईन’ एवढं म्हणा आणि वहीत लिहा. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा. अर्धवट ऐकून दिलेलं उत्तर भलतीकडेच जातं.

गाइडसाठी थोडं

सर, मॅडम, विद्यार्थ्याला प्रश्न विचारला गेला की तुम्ही उत्तर देऊ नका. शांतता पाच सेकंद टिकली तरी राहू द्या. तुम्ही बोललात की त्याला कळतं की आपल्यावर विश्वास नाही, आणि पुढच्या वेळी तो हात वर करत नाही. विभागात महिन्यातून एक तास ठेवा, तिथे प्रत्येकाने एकच आलेख आणून समजावून सांगायचा. आलेख बिघडलेला असला तरी चालेल. मुलींच्या बाबतीत प्रवास आणि मुक्काम हीच खरी अडचण असते. दोघीतिघींना एकाच परिषदेला पाठवा, राहण्याची सोय आधी ठरवा आणि गरज पडली तर घरच्यांशी स्वतः बोला. असा एक फोन झाल्यावर घरून परवानगी मिळाल्याचं मी पाहिलं आहे.

९. परतल्यावरचा आठवडा

आलेले सगळे प्रश्न त्याच आठवड्यात लिहून काढा आणि त्यातले कोणते पद्धत बदलायला लावतात ते गाइडसोबत ठरवा. पत्ता दिलेल्यांना पीडीएफ पाठवा. आकड्यांत चूक सापडली असेल तर सहलेखकांना लगेच कळवा.

मग ज्यांचे कान तपासले त्यांच्याकडे जा. ज्याचं ऐकणं कमी निघालं त्याला चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयाच्या ईएनटी विभागात पाठवा. बाकीच्यांना मराठीत, एका कागदावर, काय आढळलं आणि कानात आवाज अडवणारे बोळे (इअरप्लग) कसे नीट बसवायचे ते दाखवा. जिनिंगचा हंगाम कापसासोबत संपतो आणि कामगार पांगतात, म्हणून मुकादमाला आधी विचारून हंगाम सुरू असतानाच जा.